लक्ष्याच्या कॅसेटी

मेळाव्याची तारीख ठरली त्याच दिवशी संपादक मंडळातून फोन आला, "तू त्या कॅसेटींचं लिही." मी म्हटलं, त्यात काय इतिहास आहे? पलीकडून उत्तर आलं, "सनावळ्या असल्या तरच इतिहास होतो का?" सनावळ्यांनीच इतिहासाच्या पेपरात माझे मार्क घालवले होते, हे बाईंना नक्की आठवत असेल. या लेखातही सनावळ्या आहेत, बाई. पण या वेळी पाठ आहेत.

माझ्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चित्रपटांच्या ४१ व्हीएचएस कॅसेटी आहेत. चित्रपट मोजले तर २६. बाकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रती. 'अशी ही बनवाबनवी' एकट्याच्याच पाच आहेत, आणि पाच कशाला, ते पुढे सांगते. घरचे याला छंद म्हणतात. सासूबाई "तो पसारा" म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. पण ज्या लोखंडी पेटीपासून हा पसारा सुरू झाला ती पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे, कारण ती माझ्या धाकट्या काकांची होती आणि दर जत्रेला, दर गणपतीला ती त्यांच्या व्हिडिओ सेटबरोबर गावोगाव फिरायची.

आधी आपल्या खोऱ्याबद्दल थोडं. मुळशी धरण आपल्याला शाळेत सेनापती बापटांच्या सत्याग्रहापासून शिकवलं. १९२१ ला सत्याग्रह सुरू झाला, गावं गेली, धरण झालं. त्या धरणाचं पाणी बोगद्याने घाटाखाली भिऱ्याला जातं, तिथे वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. आपले आजे-पणजे पाण्याबरोबर नाही गेले, पण विजेच्या मागोमाग मुंबईला गेले. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी डबे पोचवायला. मुंबईत त्या विजेवर सिनेमे चालायचे आणि खोऱ्यातल्या वाड्यांवर कंदील. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, धरण सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे सिनेमा इतक्या उशिरा आणि इतक्या आडवाटेने का आला, हे त्याशिवाय कळत नाही.

पुण्यात मराठी सिनेमाचं हक्काचं घर म्हणजे अप्पा बळवंत चौकातलं 'प्रभात'. तिथे सहाचा खेळ पाहिला तर परतीची शेवटची एसटी चुकणार, म्हणजे मुक्कामाला कोणी नातेवाईक हवा. पुरुष जायचे. माझ्या आजीने आयुष्यात थिएटर पाहिलं नाही. जत्रेत तमाशाचा तंबू लागायचा, तिथे आमच्या घरातल्या बायकांनी जायचा प्रश्नच नव्हता. सिंहगडावर दूरदर्शनचं सहक्षेपण केंद्र १९७३ मध्येच झालं होतं, पण टीव्ही गावात दोन-तीन घरी, आणि त्यावर मराठी सिनेमा आठवड्यातून फार तर एकदा.

व्हीएचएस ही जपानच्या जेव्हीसी कंपनीची पद्धत, १९७६ सालची. आपल्या देशात १९८२ ला दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागून व्हिडिओ. मुंबईत शेमारू ही मुळात पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी होती, त्यांनी १९७९ पासूनच कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. आपल्या खोऱ्यात हे लोण चारपाच वर्षांनी पोचलं. काकांनी मुंबईला असलेल्या थोरल्या भावाच्या ओळखीने एक प्लेअर आणि २० इंची टीव्ही घेतला, हप्त्यावर. गोधडीत गुंडाळून, जीपच्या मागच्या सीटवर, तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून त्यांनी तो आणला. दोन वर्षांनी जुना जनरेटरही घेतला, कारण ऐन खेळात वीज गेली की लोक पैसे परत मागायचे.

खेळ देवळाच्या आवारात. टेबलावर टेबल ठेवून त्यावर टीव्ही. पुढे पोरं, मग एका बाजूला बायका, मागे पुरुष, आणि भिंतीवर चढलेले आपल्या शाळेतले काही विद्यार्थी, ज्यांची नावं मी इथे देत नाही. देवळाचं आवार, त्यामुळे बायकांना यायला कोणाची हरकत नव्हती. माझ्या आजीने पहिला सिनेमा असा पाहिला, साठी उलटल्यावर. तो 'धूमधडाका' होता. दुसऱ्या दिवशी ती काकांना म्हणाली, "तो धडपडणारा पोरगा पुन्हा आणशील का रे?" तिला त्याचं नाव माहीत नव्हतं.

त्या धडपडणाऱ्या पोराचं वय आणि खोऱ्यातल्या व्हिडिओचं वय जवळजवळ एकच, हे मला पुष्कळ नंतर लक्षात आलं. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावातले. साहित्य संघात नोकरी करत करत नाटकात छोटी कामं मिळवली आणि पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटुर'ने नाव झालं. १९८४ ला 'लेक चालली सासरला', १९८५ ला महेश कोठारेंचा 'धूमधडाका', मग 'दे दणादण', १९८८ ला 'बनवाबनवी', १९८९ ला 'थरथराट' आणि 'हमाल दे धमाल', १९९० ला 'धडाकेबाज', १९९३ ला 'झपाटलेला', १९९४ ला 'माझा छकुला'. मधे 'मैंने प्यार किया', ज्याला काका 'हिंदीतला लक्ष्या' म्हणायचे, जणू सलमान खान त्यात पाहुणा कलाकार होता. काकांचा धंदा १९८६ ला सुरू झाला आणि १९९६ ला बंद पडला. ती दहा वर्षं लक्ष्याचीच.

दादा कोंडकेंचा उल्लेख टाळला तर काका वरून रागावतील. दादा मूळचे भोरकडचे, आणि पेटीत त्यांचे 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार' होतेच. पण ते उशिरा लागायचे, बायका-पोरं घरी गेल्यावर. आम्ही घरी जाऊन माळवदावरून ऐकायचो. चित्र नाही, नुसता आवाज आणि लोकांचं हसणं. कशाला हसतात ते कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. लक्ष्या मात्र सगळ्यांसमोर चालायचा. त्याचा विनोद आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत एकाच क्षणी पोचायचा, आणि देवळाच्या आवारातल्या एका टीव्हीला नेमकं तेच हवं होतं.

आता इंजिनिअरच्या डोळ्यांनी एक गोष्ट. 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. स्कोपचं चित्र उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद असतं, आणि आपला जुना टीव्ही १.३३ पट. व्हिडिओ करताना पडदा भरावा म्हणून चित्राच्या कडा कापत. हिशेब केला तर साधारण ४३ टक्के चित्र जातं. म्हणजे मराठी सिनेमा पहिल्यांदा एवढा रुंद झाला आणि आपण खोऱ्यात तो जवळजवळ अर्धा पाहिला. माझ्या कॅसेटमध्ये दोघे बोलत असतात तेव्हा कितीतरी वेळा एकाचं नाक दिसतं आणि दुसऱ्याचा कान. बाटलीतला गंगाराम तेवढा पूर्ण दिसतो, तो मधोमध होता म्हणून. पुढे मोठ्या पडद्यावर तो चित्रपट पाहिला तेव्हा कडेला उभी असलेली माणसं मला परकी वाटली. इतकी वर्षं ती तिथेच होती.

आणि आता त्या पाच प्रतींबद्दल. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे २५८ मीटर भरते. प्लेअरच्या आत चित्र वाचणारी हेड्स एका गोल ड्रमवर बसवलेली असतात आणि तो ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. आपण 'पॉज' केलं की फीत थांबते, ड्रम थांबत नाही. म्हणजे फितीचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घासला जातो. 'रिवाइंड करा, पुन्हा लावा' म्हटलं की तोच भाग पुन्हा. वर्षानुवर्षं असं झालं की तिथला चुंबकीय थर झिजतो आणि पडद्यावर पांढरे ओरखडे, शिंतोडे दिसू लागतात.

काकांच्या 'बनवाबनवी'च्या कॅसेटवर हे ओरखडे सगळीकडे सारखे नाहीत. सुरुवातीला कमी. परश्याची पार्वती होते तिथे दाट. सुधीर जोशींच्या घरमालकाकडच्या सत्तर रुपयांच्या प्रसंगावर तर चित्र जवळजवळ उरलेलंच नाही, आवाज तेवढा येतो. हे लक्षात आल्यावर मी जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या लायब्रऱ्यांमधून त्याच चित्रपटाच्या आणखी चार कॅसेटी मिळवल्या आणि ओरखडे कुठे कुठे आहेत ते मिनिटागणिक लिहून ताडून पाहिलं. पुण्यातल्या दोन कॅसेटींवर झीज याच ठिकाणी आहे. पण एका प्रसंगावर फक्त काकांच्याच कॅसेटला ओरखडे आहेत: लीलाबाई काळभोर भाडेकरूंना पहिल्यांदा घर दाखवतात तिथे. त्यात विनोद फारसा नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "ते घर बघायला बायका पुन्हा लावायला सांगायच्या. जिना, खोल्या, पुण्यातला बंगला." कोणाला काय आवडलं हे खोऱ्यात कोणी लिहून ठेवलं नाही. फितीने ठेवलं.

उलटही खरं. पेटीतली सर्वांत स्वच्छ कॅसेट 'एक होता विदूषक'ची. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. १९९२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लक्ष्मीकांतनी त्यात आबुराव हा सोंगाड्या केला, जो तमाशातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात जातो. माझ्या मते ते त्यांचं सर्वांत मोठं काम. तिकीटबारीवर तो चालला नाही. काकांनी जत्रेला एकदाच लावला आणि अर्ध्यात लोक ओरडायला लागले, "लक्ष्या लावा!" लक्ष्याच लावला होता. काकांनी कॅसेट काढली आणि 'झपाटलेला' घातला. मी तेव्हा ओरडणाऱ्यांत होते, हे इथे लिहायला हवं.

काकांचा धंदा कायद्यात बसणारा नव्हता, हेही लिहायला हवं. १९८४ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओच्या चोरीला शिक्षा वाढली आणि कॅसेटवर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची नक्कल, हक्क कोणाचा, कॅसेट कोणी काढली, हे सगळं दाखवणं बंधनकारक झालं. म्हणून अधिकृत कॅसेटच्या सुरुवातीला इतका वेळ कागद दिसायचे आणि आपण "पुढे घ्या, पुढे घ्या" ओरडायचो. पेटीतल्या निम्म्या कॅसेटींना हे कागद आहेत. उरलेल्या नकलेच्या नकला. आणि अधिकृत कॅसेटसुद्धा घरी पाहण्यापुरत्या, देवळात तिकीट लावून दाखवायला नव्हत्या. मराठी निर्माता तेव्हा आधीच अडचणीत, आणि माणशी दोन रुपयांतले त्याला काही पोचत नव्हते. काका भला माणूस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

शेवट लवकर झाला. १९९२ ला झी आलं, पाठोपाठ केबल पौडपर्यंत, मग डिशच्या छत्र्या. व्हीसीडी आल्यावर कॅसेटला भंगारवालाही नको म्हणाला. काकांनी प्लेअर विकला, पेटी माळ्यावर टाकली आणि रिक्षा घेतली. मी बारावी, मग इंजिनिअरिंग करून हिंजवडीला नोकरीला लागले. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, त्यामुळे मी तालुका न सोडता परदेशी कंपनीत काम करते असं काका सगळ्यांना सांगायचे. १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं ५०. ऑफिसात माझ्या बाजूला बसणाऱ्या दिल्लीच्या मुलीने "कोण?" विचारलं आणि मला सांगता येईना. त्या रविवारी मी गावी गेले आणि माळ्यावरून पेटी उतरवली.

आपल्या ताम्हिणीकडच्या पावसाने तोवर निम्मं काम केलं होतं. फितीच्या कडांना पांढरी बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. हे मी शिकले ते एक चांगला प्लेअर घालवून. आता आधी कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते, मग कवच उघडून फीत हळू फिरवत मऊ कापडाने पुसते, तोंडाला मास्क लावून. फीत तुटली असेल तर सांधते. मगच संगणकावर घेते. काही न गमावता घ्यायचं तर तासाला तीसेक जीबी लागतात. प्लेअर मिळणं आणखी अवघड. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचा बनवला, त्यानंतर जगात नवा नाही. माझ्याकडे तीन आहेत, त्यातले दोन तिसऱ्याच्या सुट्या भागांसाठी.

लोक विचारतात, हे सगळे सिनेमे फोनवर फुकट दिसतात, मग कशाला? लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, चित्रपटांच्या मूळ प्रती जपणं हे त्यांचं काम आणि ते त्यांनीच करावं. मी सिनेमा जपत नाही. कोणत्या गावात तो कसा पाहिला गेला, ते जपते आहे. आणि आणखी एका कारणाने, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहिला.

पेटीतल्या 'थरथराट'च्या कॅसेटची रेकॉर्डिंग रोखणारी चिमटी तोडलेली होती आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली होती. चिकटपट्टी म्हणजे कोणीतरी वरून काहीतरी भरलं आहे. कॅसेट लावली. पाऊण तास टकलू हैवान आणि लक्ष्या. मग चित्र हललं, निळं झालं, आणि आपल्या शाळेचं पटांगण दिसलं. जानेवारी १९९५ चं स्नेहसंमेलन. त्या वर्षी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कोणाला तरी बोलावलं होतं, त्याच्याकडे कोरी कॅसेट नव्हती, आणि काकांनी पेटीतली काढून दिली असणार.

एकूण ११ मिनिटं. आपल्या बॅचच्या मुलींचं लेझीम, ज्यात मी चुकीच्या बाजूला वळते. हेडसरांचं भाषण, आवाज नाही. आणि मग शेवटची चार मिनिटं, नववी ब मधला आपला तो मित्र, पायमोज्यात चिंध्या भरून केलेला तात्या विंचू मांडीवर घेऊन. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नाव सांगायला नको. रामदास पाध्येंच्या बाहुल्याशी त्या मोज्याचं काही साम्य नव्हतं. पण लक्ष्याची ती घाबरलेली मान, तो अडखळता आवाज त्याला हुबेहूब जमायचा. तो २००९ ला गेला. त्या काळी घरात कॅमेरा कोणाकडे होता? त्याचा आवाज असलेली दुसरी काही वस्तू त्याच्या घरी नाही.

त्या चार मिनिटांवर बुरशी सर्वांत जास्त होती. तीन रविवार गेले. आधी दोन वेगळ्या प्लेअरवर दोन वेगळ्या प्रती घेतल्या, एकीत जिथे चित्र जात होतं तिथे दुसरीतलं भरलं, एकेक फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम. बसने येताजाता लॅपटॉपवर तेच. चित्र अजून खराबच आहे, पण आवाज निघाला.

मेळाव्यात दाखवायच्या आधी त्याच्या आईला विचारणं भाग होतं. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. काकू म्हणाल्या, आधी मी एकटी बघते. मी ओट्यावर बसले. आतून त्याचा आवाज आला, मुलांचं हसणं आलं, शेवटच्या टाळ्या आल्या. मग पुन्हा सुरुवातीपासून. मग फक्त मधला तुकडा, जिथे तो मान वळवून कोणाकडे तरी बघून हसतो. तो तुकडा चार-पाचदा. मग दार उघडून त्या म्हणाल्या, "दाखव. पण हे सारखं सारखं लावून खराब होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही काकू, हे नाही होत."

तर, मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती ११ मिनिटं लावणार आहोत. आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर, आईच्या ट्रंकेत अजून कॅसेटी असतील. लक्ष्याच्याच असायला हव्यात असं नाही, आणि वरचं लेबल खरं असेल असंही नाही. जुन्या प्लेअरला लावून बघू नका. उभ्या ठेवा, उन्हात वाळवू नका, आणि येताना पिशवीत घालून आणा. मी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी बसलेली असेन. पावती देईन, आणि काम झालं की कॅसेट परत.